डालड्याचा डबा आणि आजीचं विसरणं

आजचा भाग आमच्या नगरच्या स्वयंपाकघरातून. माझी आजी हल्ली मला काकांच्या नावानं हाक मारते. डॉक्टर म्हणाले, डिमेन्शिया. तेव्हापासून आई एकच विचारते, "इतकी वर्षं डालड्यात सगळं केलं, त्यानं तर नसेल ना झालं?" उत्तरासाठी आपल्याला शंभरेक वर्षं मागे जावं लागेल.

नगर-सोलापूर हा कोरडवाहू पट्टा. रब्बीत ज्वारीच्या कडेनं करडई असायची. काटेरी, त्यामुळे गुरं आत शिरत नाहीत. बी गावच्या तेल्याच्या घाण्यावर जायचं, बैल फिरायचा, तेल घरी आणि पेंड गोठ्यात. पुढे आपल्या राहुरीच्या कृषी विद्यापीठानं 'भीमा', 'फुले कुसुमा' अशा करडईच्या जातीही दिल्या. तूप मात्र सणासुदीला, तेही मोजून.

या घरात डबा शिरला कसा? १९०२ साली जर्मनीत विल्हेल्म नॉर्मान यांनी पातळ तेलात हायड्रोजन सोडून ते घट्ट करायचं पेटंट घेतलं. आपल्याकडे लीव्हर कंपनीनं १९३७ मध्ये डालडा आणला. वनस्पती तुपाचा कारखाना मुंबईत, शिवडीला. दिसायला तुपासारखं, किंमत कमी, महिनोन्‌महिने टिकणारं. ज्यांना तूप परवडत नव्हतं, त्यांच्याही दिवाळीत आता लाडू झाले. ही छोटी गोष्ट नव्हती.

तेव्हा एक मोठी भीती होती: तुपात डालड्याची भेसळ. म्हणून डालड्यात तिळाचं तेल घालायची सक्ती झाली, म्हणजे तपासणीत भेसळ पकडता येईल. तुपाची काळजी घेतली गेली. खाणाऱ्याच्या रक्तवाहिन्यांचा विचार फार उशिरा आला.

तेल अर्धवट घट्ट करताना त्यात ट्रान्स फॅट तयार होतं. १९९० मध्ये नेदरलँड्समधल्या मेन्सिंक आणि काटान यांनी दाखवलं, की ते वाईट कोलेस्टेरॉल वाढवतं आणि चांगलं कमी करतं. भारतात तेल-वनस्पतीतल्या ट्रान्स फॅटवर २ टक्क्यांची मर्यादा आली जानेवारी २०२२ मध्ये. मधे ३२ वर्षं गेली!

आता मेंदूकडे येऊ. २००३ मध्ये शिकागोतल्या ८१५ ज्येष्ठांच्या अभ्यासात जास्त सॅच्युरेटेड आणि ट्रान्स फॅट खाणाऱ्यांत अल्झायमर जास्त दिसला. पण त्याच्या आदल्याच वर्षी रॉटरडॅमच्या पाच हजारांवर लोकांच्या अभ्यासात असा काही संबंध सापडला नव्हता. २०१९ मध्ये जपानच्या हिसायामा गावातल्या १,६२८ जणांच्या रक्तातलं ट्रान्स फॅट मोजलं, तेव्हा ते ज्यांच्यात जास्त, त्यांच्यात डिमेन्शियाही जास्त निघाला. संशय दाट आहे, पण एका माणसाच्या आजाराचं खापर एका डब्यावर फोडता येईल, इतका पक्का नाही.

मग "घाण्याचं करडई तेल खा, स्मृती वाचवा" हा फॉरवर्ड खरा का? सिडनीत १९६६ ते १९७३ दरम्यान ४५८ हृदयरुग्णांवर एक प्रयोग झाला. काहींना सॅच्युरेटेड फॅटऐवजी करडईचं तेल आणि त्याचंच मार्जरीन दिलं. कोलेस्टेरॉल उतरलं, पण मृत्यू वाढले. हे पूर्ण चित्र बाहेर आलं २०१३ मध्ये. त्यामुळे कुठलंही एक तेल म्हणजे औषध, हे विसरा.

२०२४ च्या लॅन्सेट आयोगानं डिमेन्शियाची टाळता येण्यासारखी १४ कारणं मांडली. त्यात मध्यम वयातलं वाढलेलं एलडीएल कोलेस्टेरॉल आहे. तसंच कमी शिक्षण, कमी ऐकू येणं, रक्तदाब, मधुमेह, एकटेपणाही आहे. आमच्या आजीची शाळा चौथीत सुटली, हेही त्याच यादीत बसतं.

म्हणून आईला मी सांगितलं, "तू जे केलंस ते परवडत होतं म्हणून, आणि सगळ्यांना खाऊ घालायचं म्हणून केलंस. डब्यात काय आहे ते सांगायचं काम दुसऱ्यांचं होतं." ती काही बोलली नाही. फक्त दुसऱ्या दिवशी स्वतःची कोलेस्टेरॉलची तपासणी करून आली.

तुम्हीही आज आईबाबांना तेवढंच विचारा: शेवटची तपासणी कधी केली? भेटू पुढच्या भागात.