अलायन्स मिशनचा पाळक कसा होतो?

बुलढाणा जिल्ह्यातील प्रोटेस्टंट ख्रिस्ती मंडळ्यांच्या इतिहासात ‘ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स’ या मूळच्या अमेरिकन संस्थेचा मोठा वाटा आहे. लोक तिला नुसते ‘अलायन्स मिशन’ म्हणतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अकोल्यातून सुरू झालेले तिचे काम पुढे खामगाव, बुलढाणा, मलकापूर या गावांत पोहोचले. या परंपरेत मंडळीच्या धर्मगुरूला ‘पाळक’ म्हणतात. उपदेश, बाप्तिस्मा, प्रभुभोजन, आजाऱ्यांसाठी प्रार्थना आणि अंत्यविधी ही त्याची मुख्य कामे.

संस्थेचे संस्थापक ए. बी. सिम्पसन हे प्रेस्बिटेरियन पाळक होते. ते पद सोडल्यावर त्यांनी १८८२ मध्ये न्यूयॉर्कला एक प्रशिक्षण शाळा काढली. ज्यांना सेमिनरीत अनेक वर्षे घालवणे शक्य नाही, अशा सामान्य माणसांना थोड्या काळात सेवेसाठी तयार करणे हा तिचा हेतू होता. त्याची छाप अजून दिसते. अलायन्समध्ये शिक्षण लागतेच, पण उमेदवाराला देवाचे ‘पाचारण’ झाले आहे का आणि तो प्रत्यक्ष काम कसे करतो, याला जास्त वजन असते.

विदर्भातल्या उमेदवारांना बायबलचे उच्च शिक्षण जवळच मिळण्याची सोय १९५३ मध्ये झाली. त्या वर्षी यवतमाळला युनियन बिब्लिकल सेमिनरी स्थापन झाली. १९८३ मध्ये ती पुण्याला बिबवेवाडीत हलली. मात्र पदवी मिळाली म्हणजे माणूस पाळक झाला, असे नाही. अलायन्सच्या पद्धतीत त्याला आधी सेवेचा परवाना मिळतो. मग तो एखाद्या मंडळीत काम करतो. हा काळ साधारण दोन वर्षांचा किंवा अधिक असतो. त्यानंतर अनुभवी पाळक व वडील मंडळी त्याची तोंडी परीक्षा घेतात. बायबलच्या ज्ञानाबरोबर त्याचे घर, वागणूक आणि श्रद्धा यांबद्दलही विचारले जाते. ख्रिस्त हा तारणारा, पवित्र करणारा, बरे करणारा आणि पुन्हा येणारा राजा आहे, ही चार सूत्रे अलायन्सची ओळख आहेत. ती त्याला नुसती पाठ असून चालत नाही. परीक्षकांचे समाधान झाले, की उपासनेत त्याच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना होते. हीच दीक्षा, आणि नावामागे ‘रेव्हरंड’ लागते ते तेव्हापासून.

चर्चच्या दृष्टीने येथे प्रक्रिया पूर्ण होते. लग्न लावण्याच्या बाबतीत मात्र नाही. १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्यात बिशपच्या हातून दीक्षा मिळालेल्या धर्मगुरूला आपल्या चर्चच्या रीतीने लग्न लावण्यासाठी वेगळा परवाना लागत नाही. त्यामुळे कॅथलिक पुरोहिताला किंवा चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या बिशपने दीक्षित केलेल्या पाळकाला ही अडचण येत नाही. नागपुरात २९ नोव्हेंबर १९७० रोजी सहा चर्च एकत्र येऊन स्थापन झालेल्या त्या चर्चने बिशपपद ठेवले आहे. अलायन्समध्ये दीक्षा बिशपकडून होत नाही. म्हणून तिच्या पाळकाला राज्य सरकारकडून विवाह लावण्याचा परवाना घ्यावा लागतो. हा भेद इंग्रजी अमदानीतला. तेव्हा बिशप असलेल्या चर्चना झुकते माप होते आणि कायद्यात ते तसेच राहून गेले.

ही कागदी बाब वाटली तरी तिचे परिणाम गंभीर आहेत. अधिकार नसताना ख्रिस्ती विवाह लावणाऱ्याला कलम ६८ नुसार दहा वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. त्यामुळे दीक्षा नुकतीच झालेली असेल आणि परवाना यायचा असेल, तर मंडळीला लग्नापुरता दुसऱ्या गावचा परवानाधारक पाळक बोलवावा लागतो, किंवा जोडप्याला विवाह निबंधकाकडे जावे लागते. परवानाधारक पाळकालाही लग्नाआधी वधू किंवा वराकडून लेखी सूचना घ्यावी लागते. लग्न चर्चमध्ये व्हायचे असेल तर ती सूचना तिथे सर्वांना दिसेल अशी लावतात. विवाह सकाळी सहा ते संध्याकाळी सात या वेळातच लावायचा असतो. वरात उशिरा पोहोचण्याची सवय पाहता, ही अट नव्या पाळकाने पहिल्या बैठकीतच दोन्ही घरांना सांगितलेली बरी.