लाल रेनकोट

परवा नातवाने लॅपटॉपवर एक जुना इंग्रजी सिनेमा लावून दिला. "आजोबा, तुम्ही इतिहासाचे मास्तर. यात व्हेनिस आहे, बघा," म्हणाला. 'डोन्ट लुक नाऊ', साल १९७३, दिग्दर्शक निकोलस रोग. (आडनाव खरंच तसंच आहे, माझा दोष नाही.) आमचं सगळं शिक्षण मराठीतून, त्यामुळे गोऱ्यांचं पुटपुटणं कानात शिरत नाही. खाली अक्षरं येतात ती वाचत, मधे मधे थांबवत दोन दिवसांत पुरा केला. भीतीचा सिनेमा अशी त्याची ख्याती. मला भीती नाही वाटली. दुसरंच काहीतरी झालं.

आधी कथा. इंग्लंडातल्या घरी जॉन एका चर्चच्या स्लाइड्स पाहतोय. बाहेर तळ्याकाठी त्याची मुलगी खेळतेय, अंगात लाल रेनकोट. स्लाइडवर पाणी सांडतं, लाल रंग पसरत जातो, आणि बापाला काय वाटतं कोण जाणे, तो उठून धावत सुटतो. तोवर उशीर झालेला असतो. पुढे जॉन आणि लॉरा व्हेनिसला जातात. तिथे त्याच्याकडे एका जुन्या चर्चच्या डागडुजीचं काम आहे. (लॉरा झालेली ज्यूली ख्रिस्ती आपल्या आसामातल्या चहामळ्यात जन्मलेली, बरं का.) हॉटेलात भेटलेली एक आंधळी बाई लॉराला सांगते, तुमची मुलगी तुम्हा दोघांच्या मधे बसलेली मला दिसली, हसत होती. लॉराचा जीव तेवढ्यानेच थाऱ्यावर येतो. जॉनला मात्र हा निव्वळ भंपकपणा वाटतो. आणि त्याच जॉनला रात्रीच्या बोळांतून लाल कोटातली एक लहानशी आकृती पळताना दिसायला लागते!

मूळ गोष्ट डॅफ्ने द्यु मॉरिएची, १९७१ची. तिच्यात मुलगी मेंदूच्या आजाराने जाते. सिनेमावाल्यांनी तिला पाण्यात बुडवली. मला हा बदल फार मोलाचा वाटला. कारण ज्या पाण्याने मुलगी नेली, त्याच पाण्यात उभ्या असलेल्या शहरात बाप कामाला जातो.

आता माझा विषय, इतिहास. ४ नोव्हेंबर १९६६ रोजी व्हेनिसमध्ये समुद्राचं पाणी १९४ सेंटीमीटरपर्यंत चढलं. त्यांच्या नोंदींतला हा आजवरचा उच्चांक. त्याच दिवशी तिकडे फ्लॉरेन्समध्ये आर्नो नदी शहरात शिरली. (मी तेव्हा अकरावीला होतो. आम्हाला त्याची गंधवार्ता नव्हती.) पाणी ओसरल्यावर लक्षात आलं की खाऱ्या ओलीने विटा, संगमरवर, भिंतींवरची चित्रं आतून पोखरली जातायत. मग देशोदेशींहून पैसा आला. १९७१ साली इंग्रजांनी 'व्हेनिस इन पेरिल' नावाचा निधी उभारला. त्या निधीने दुरुस्तीला घेतलेलं सान निकोलो देई मेंदिकोली, म्हणजे भिकाऱ्यांचा संत निकोलस, हे शहराच्या गरीब टोकाचं फार जुनं चर्च. सिनेमात जॉन काम करतो ते चर्च हेच. म्हणजे दुरुस्ती खरी आणि बाप तेवढा खोटा! २०१९च्या नोव्हेंबरात पुन्हा १८७ सेंटीमीटर पाणी चढलं. २०२० पासून समुद्राच्या तोंडाशी उचलते दरवाजे लावलेत, भरती आली की ते वर येतात.

पुढचा परिच्छेद शेवट सांगतो. ज्यांना सिनेमा बघायचाय त्यांनी तो गाळावा.

लॉरा इंग्लंडला गेलेली असताना जॉनला ती कालव्यातल्या नावेत काळ्या कपड्यांत दिसते, सोबत ती आंधळी बाई. तो घाबरून पोलिसांत जातो. पण नावेत दिसलेलं हे पुढे घडायचं असतं. व्हेनिसमध्ये मढं नावेतून सान मिकेले बेटावर नेतात. १९७१ साली संगीतकार स्ट्राविन्स्कीलाही तसंच नेलं. जॉनने पाहिली ती त्याची स्वतःचीच अंत्ययात्रा. ज्या दृष्टीला तो थोतांड म्हणत होता ती त्याच्यापाशीच होती, आणि तो ती मानायला तयार नव्हता. रोगने आधीचं नंतर आणि नंतरचं आधी असं सगळं कापून जोडलंय. मी चौतीस वर्षं पोरांना सनावळ्या पाठ करायला लावल्या. ही गेल्यापासून माझ्या घरात त्याच चालेनात. सकाळी दुधाचं पातेलं उतरवताना १९८४ असतं, संध्याकाळी दवाखान्याचा तो शेवटचा आठवडा.

आता राहिलेलं सांगतो. हिच्या दहाव्याला धाकटी मेहुणी माझ्याजवळ येऊन म्हणाली होती, "भावोजी, ताई काल स्वप्नात आली. तुमच्या खुर्चीमागे उभी होती, हसत होती." मी सगळ्यांदेखत तिच्यावर खेकसलो. असलं खुळचट माझ्यापुढे बोलायचं नाही म्हणालो. ती गप्प झाली. तीन वर्षं झाली, त्यानंतर तिने माझ्यासमोर ताईचं नावच काढलेलं नाही. मला वाटायचं, मी विवेकाने वागलो. परवा जॉन त्या आंधळ्या बाईवर चिडला, तेव्हा मी लॅपटॉप बंद केला आणि बराच वेळ तसाच बसून राहिलो.

तू हे वाचतेस असं मुलाकडून कळलं. ते स्वप्न मला पुन्हा एकदा सांगशील का? साडी कोणती होती, तेही विचारायचं राहिलंय.