जुन्या वाहनाची संगणकीय प्रतिकृती
अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) येथे लष्कराने १९९४ मध्ये स्थापन केलेल्या रणगाडा संग्रहालयात रोल्स-रॉईस 'सिल्व्हर घोस्ट' बनावटीची चिलखती मोटार आहे. अशा जुन्या वाहनाची हुबेहूब त्रिमितीय प्रतिकृती संगणकावर साकारता येते. त्यासाठी वाहनाची चहूबाजूंनी शेकडो छायाचित्रे घेतात. प्रत्येक छायाचित्रात शेजारच्या छायाचित्रातील काही भाग यावा लागतो. अशा समान बिंदूंवरून संगणक आकार निश्चित करतो. काच व चकाकणाऱ्या पत्र्यावर मात्र ही पद्धत फसते. तेथे मापे हातानेही घेता येतात. प्रतिकृतीला जिवंतपणा येतो तो गंज, पोचे आणि रंगाचे पोपडे यांमुळे. नव्या रंगाखाली या खुणा बुजल्या, की त्या पुन्हा टिपता येत नाहीत. म्हणूनच छायाचित्रण डागडुजीपूर्वी होणे आवश्यक असते.