खडकाहून टणक चुना : एडिस्टोनच्या दीपगृहाची हकिकत

इंग्लंडच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर प्लिमथ हे जुने बंदर आहे. तेथे 'द हो' नावाच्या हिरव्या पठारावर समुद्राकडे तोंड करून तांबड्या-पांढऱ्या पट्ट्यांचा एक दगडी मनोरा उभा आहे. उंची सुमारे २२ मीटर, आत चढायला ९३ पायऱ्या, त्यांतल्या काही तर शिडीसारख्या उभ्या. 'स्मीटन्स टॉवर' हे त्याचे नाव. आज हा मनोरा संग्रहालय म्हणून जपला आहे. पण तो या पठारासाठी बांधलेलाच नव्हता. १७५९ ते १८८२ अशी सुमारे सव्वाशे वर्षे तो येथून २० किलोमीटरहून अधिक दूर, भर समुद्रातल्या एका खडकावर उभा होता. त्याचे पायाकडचे घन अंग अजूनही तिथेच आहे. म्हणजे प्लिमथला पर्यटक चढतात तो मनोऱ्याचा वरचा भाग. खरा पराक्रम अजून लाटा खात आहे.

या धाग्यात त्या पराक्रमाची हकिकत.

एडिस्टोन हा तांबूस, कठीण खडकांचा एक समूह आहे. भरतीच्या वेळी त्याचा बहुतेक भाग पाण्याखाली जातो. तो नेमका प्लिमथकडे येणाऱ्या जहाजांच्या वाटेवर आहे. अटलांटिक ओलांडून आलेले जहाज, माल भरलेला, खलाशी घराच्या ओढीने उतावीळ झालेले, आणि शेवटच्या रात्री हा खडक आडवा. किती जहाजे येथे फुटली याची मोजदाद कोणी ठेवली नाही. खडकाची धास्ती इतकी, की त्याच्यापासून दूर राहण्याच्या प्रयत्नात कित्येक जहाजे समोरच्या फ्रेंच किनाऱ्यावर जाऊन आदळत.

या खडकावर पहिले दीपगृह बांधले हेन्री विन्स्टॅन्लीने. हा गृहस्थ वास्तुविशारद नव्हता. तो खोदचित्रकार होता आणि लंडनमध्ये पाण्याच्या करामतींचे खेळ दाखवून पैसा मिळवत होता. त्याने जहाजांतही पैसा गुंतवला होता आणि त्याचे जहाज एडिस्टोनवर फुटले, तेव्हा त्याने हे काम अंगावर घेतले. १६९६ मध्ये काम सुरू झाले. तेव्हा फ्रान्सशी युद्ध चालू होते, आणि एका फ्रेंच जहाजाने त्याला खडकावरूनच पकडून नेले. चौदाव्या लुईने त्याला सन्मानाने परत पाठवले, असे सांगतात. नोव्हेंबर १६९८ मध्ये दिवा लागला. सज्जे, नक्षी, वातकुक्कुट यांनी सजवलेला तो लाकडी मनोरा समुद्रातल्या दीपगृहापेक्षा जत्रेतल्या मंडपाला अधिक जवळचा वाटतो. परंतु भर समुद्रातल्या उघड्या खडकावर दीपगृह उभे राहू शकते, हे प्रथम त्यानेच दाखवले, आणि तो उभा असेपर्यंत एडिस्टोनवर एकही जहाज फुटले नाही.

आजवरच्या सर्वांत मोठ्या वादळात आपण या मनोऱ्यात असावे, अशी इच्छा विन्स्टॅन्लीने बोलून दाखवली होती, अशी आख्यायिका आहे. तेव्हाच्या इंग्रजी पंचांगानुसार २६ नोव्हेंबर १७०३ च्या रात्री इंग्लंडच्या इतिहासातले एक भीषण वादळ आले. डुरुस्तीसाठी गेलेला विन्स्टॅन्ली त्या रात्री खडकावरच होता. सकाळी तेथे ना मनोरा होता, ना माणसे. काही दिवसांतच व्हर्जिनियाहून तंबाखू घेऊन येणारे 'विंचेल्सी' जहाज त्याच खडकावर फुटले.

दुसरा मनोरा जॉन रडयर्ड या रेशमाच्या व्यापाऱ्याने बांधवून घेतला. त्याने जहाजसुतारांना हाताशी धरले, बाहेरची सगळी नक्षी टाकून दिली आणि गुळगुळीत, निमुळता लाकडी मनोरा उभारला. आत वजनासाठी दगडांचे थर. हा मनोरा वादळांना पुरून उरला. त्याचा घात केला आगीने. डिसेंबर १७५५ मध्ये एका रात्री माथ्यावरच्या कंदिलाचे छत पेटले. पहाऱ्यावर हेन्री हॉल नावाचा वृद्ध रखवालदार होता. त्याचे वय ९४ होते असे समकालीन सांगतात. तो खालून वर बादल्यांनी पाणी फेकत असताना छताचे वितळलेले शिसे त्याच्या अंगावर आणि तोंडात पडले. आपण शिसे गिळले, असे तो किनाऱ्यावर आल्यावर सांगत राहिला. कोणी विश्वास ठेवला नाही. बारा दिवसांनी तो वारला. प्लिमथच्या डॉक्टर स्प्राय यांनी शवविच्छेदन केले तेव्हा पोटातून सुमारे २०० ग्रॅम वजनाचा शिशाचा गोळा निघाला. डॉक्टरांनी रॉयल सोसायटीला कळवले, तर तिथल्या विद्वानांनी त्यांच्यावरही शंका घेतली. म्हातारा खरे बोलत होता हे सिद्ध करण्यासाठी बिचाऱ्या डॉक्टरांना प्राण्यांवर प्रयोग करून दाखवावे लागले. तो शिशाचा गोळा आज एडिनबरोच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे.

एक मनोरा पाण्याने नेला, दुसरा आगीने. तिसरा कसा असावा?

दीपगृहाच्या मालकांनी रॉयल सोसायटीकडे सल्ला मागितला. तिच्या अध्यक्षांनी जॉन स्मीटनचे नाव सुचवले. तेव्हा तो अवघा ३१ वर्षांचा, लीड्सजवळचा, मूळचा उपकरणे बनवणारा कारागीर होता. एडिस्टोनवर लाकूडच टिकते, कारण ते लवते, असे प्लिमथच्या जाणकारांचे मत होते. स्मीटनने ते उलटे केले. मनोरा लवायला नको, जागचा हलायलाच नको. तो एवढा जड आणि एकजीव हवा, की लाटेने थकून मागे फिरावे. त्याने दगड निवडला. आकारासाठी त्याने ओक वृक्षाच्या बुंध्याचा दाखला दिला : मुळाशी पसरट, वर निमुळता होत जाणारा. हे उदाहरण पुढे शालेय पुस्तकांत इतके रुळले, की स्मीटनचे श्रेय लोक त्या झाडातच पाहू लागले. वास्तविक ते त्याच्या दगडांच्या सांध्यांत आणि सांध्यांतल्या चुन्यात आहे.

सांध्यांची युक्ती अशी. सुतार लाकडी पेटीच्या कोपऱ्यावर दोन फळ्या एकमेकींत अडकवतो, तेव्हा तो तोंडाशी अरुंद आणि आत रुंद अशी खाच घेतो. फळी एकदा बसली की ओढून निघत नाही. स्मीटनने हीच खाच दगडात घेतली. थरातला प्रत्येक दगड शेजारच्या दगडात अडकलेला, सर्वांत खालचे दगड खडकातच कोरलेल्या खाचांत बसवलेले. वरचा थर खालच्यावर सरकू नये म्हणून मध्ये संगमरवराचे खुंटे. बाहेरच्या बाजूला ग्रॅनाइट, आत पोर्टलंडचा दगड. प्रत्येक थर आधी प्लिमथच्या आवारात जुळवून पाहायचा, मग दगड सुटे करून नावेने खडकावर न्यायचे.

खडकावर काम करता येई ते ओहोटीच्या आसपासचे काही तास, तेही उन्हाळ्यात. कॉर्नवॉलच्या कथिलाच्या खाणींतले कामगार छिन्नी-हातोडा घेऊन खडकावर उतरत, दोन तुकड्या आळीपाळीने. सप्तवार्षिक युद्धाचे ते दिवस होते. नौदलाच्या टोळ्या दिसेल त्या धडधाकट माणसाला धरून युद्धनौकेवर नेत. म्हणून स्मीटनने आपल्या कामगारांना ओळखीची पदके करून दिली. पदक दाखवले की सक्तीच्या भरतीतून सुटका. दीपगृहाच्या इतिहासात या पदकांचा उल्लेख एका ओळीत उरकतात, पण त्या कामगारांच्या घरी त्यांचे मोल मनोऱ्याहून नक्कीच अधिक असेल.

आता चुना. साध्या चुन्याला घट्ट होण्यासाठी हवा लागते. हवेतला कर्बवायू शोषून तो हळूहळू पुन्हा दगड बनतो. पाण्याखाली तो मऊच राहतो आणि धुऊन जातो. एडिस्टोनवर तर दर भरतीला नवे बांधकाम पाण्यात बुडणार. दगड जितका कठीण तितका त्याचा चुना चांगला, अशी गवंड्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत होती. स्मीटनने निरनिराळ्या चुनखडींचा चुना भाजला, त्याचे लहान गोळे केले आणि पाण्यात टाकून ठेवले. मऊ खडूचा चुना आणि कठीण संगमरवरी दगडाचा चुना, दोन्ही सारखेच निघाले. टिकले ते गोळे ज्यांच्या मूळ चुनखडीत चिकणमाती मिसळलेली होती. विल्यम कुकवर्दी हा प्लिमथचा रसायनज्ञ त्याचा मित्र होता. त्याने दगड आम्लात विरघळवून माती वेगळी काढण्याची रीत शिकवली. भाजताना या मातीतली सिलिका चुन्याशी संयोग पावते आणि असा चुना हवेच्या मदतीशिवाय, पाण्यानेच घट्ट होतो, हे रसायनशास्त्र पुढच्या काळात उलगडले. स्मीटनला कारण पुरते ठाऊक नव्हते. नियम मात्र त्याने अचूक पकडला होता.

शेवटी त्याने वेल्सच्या किनाऱ्यावरील अ‍ॅबरथॉची चुनखडी घेतली आणि तिच्या चुन्यात इटलीहून आलेली पोझोलाना ही ज्वालामुखीची राख समप्रमाणात मिसळली. ओला सांधा भरतीने धुऊन जाऊ नये म्हणून त्यावर वरून प्लास्टर ऑफ पॅरिसचा लेप दिला. १२ जून १७५७ रोजी पहिला दगड बसला आणि १६ ऑक्टोबर १७५९ रोजी दिवा लागला.

मराठी वाचकाला येथे मुरुडच्या समुद्रातला पद्मदुर्ग आठवावा. जंजिऱ्याच्या सिद्दीला शह म्हणून शिवकाळात उभारलेल्या या दुर्गाच्या तटात खाऱ्या वाऱ्याने दगड झिजून खोल गेले आहेत. दोन दगडांमधला चुना मात्र मधमाश्यांच्या पोळ्यासारखा पुढे उभा आहे. स्मीटनच्या जन्माआधी सुमारे अर्धशतक कोकणातल्या गवंड्यांनी हा प्रश्न आपल्या परीने सोडवला होता. फरक पुढे पडला. आपल्याकडची कृती हातातून हातात गेली आणि हात थांबले तेव्हा तीही थांबली. स्मीटनने आपले सगळे प्रयोग, फसलेले धरून, १७९१ च्या जाडजूड ग्रंथात छापले. १८२४ मध्ये लीड्सच्याच जोसेफ अ‍ॅस्पडिनने 'पोर्टलंड सिमेंट'चे पेटंट घेतले. पाण्याने घट्ट होणाऱ्या चुन्याचा जो शोध त्या सिमेंटपर्यंत गेला, त्याची एक वाट एडिस्टोनवरून जाते.

मनोरा असा अभेद्य, आणि दिवा? २४ मेणबत्त्यांचे एक झुंबर. मागे भिंग नाही, आरसा नाही. वाती कातरण्याची आठवण राहावी म्हणून दर अर्ध्या तासाला ठोका देणारे घड्याळ ठेवलेले. पुढे पन्नास वर्षे हाच प्रकाश राहिला. याला तंत्राचा अभाव हे पुरेसे कारण नाही. त्या काळी इंग्लंडमधली अनेक दीपगृहे खासगी मालकीची होती. जहाजांकडून टनामागे कर मिळे. तो दिवा लावल्याबद्दल मिळे, दिवा किती लांब दिसतो यावर नव्हे. १७८० च्या दशकात काचेच्या चिमणीचा, कितीतरी प्रखर अरगंड दिवा आला, तरी एडिस्टोनच्या मालकांनी मेणबत्त्याच चालू ठेवल्या. त्यांचा पट्टा संपून दीपगृह ट्रिनिटी हाउस या संस्थेकडे आले आणि १८१० मध्ये तेथे तेलाचे दिवे व परावर्तक बसले. दगडाचे काम शंभर टक्के आणि उजेडाचे काम जेमतेम, असा हा अर्धशतकाचा हिशेब स्मीटनच्या गौरवगाथांत सहसा आढळत नाही.

१८७० च्या दशकात रखवालदारांना मोठ्या लाटेबरोबर मनोरा थरथरताना जाणवू लागला. तपासणी झाली. मनोऱ्यात दोष सापडला नाही. समुद्राने खालचा खडकच पोखरला होता. मनोरा टिकला होता, पाया देणारी पृथ्वी खचत होती. शेजारच्याच खडकावर जेम्स डग्लसने नवे दीपगृह बांधले. ते मे १८८२ मध्ये उजळले.

जुना मनोरा पाडून टाकणे सोयीचे होते. प्लिमथकरांनी वर्गणी काढली, कंदिलाच्या खोलीपासून खाली एकेक दगड उतरवून घेतला आणि 'द हो'वर नव्या ग्रॅनाइट पायावर पुन्हा रचला. १८८४ मध्ये तो लोकांसाठी खुला झाला. आज आत गेले की कोठार, स्वयंपाकाची खोली, निजण्याची खोली अशा एकावर एक गोल खोल्या लागतात. भिंती वाकलेल्या, म्हणून सामानही भिंतीला धरून. रखवालदार आठवडेच्या आठवडे येथे राहत, आणि वादळात बदली माणसे येऊ शकली नाहीत तर त्याहूनही अधिक. कोठाराच्या भिंतीवर बायबलमधल्या स्तोत्राची एक ओळ कोरलेली आहे. बांधकाम करणाऱ्यांचे श्रम ईश्वराच्या साथीवाचून व्यर्थ जातात, असा तिचा आशय. आपल्या सांध्यांवर एवढा भरवसा असणाऱ्या माणसाने ही ओळ निवडावी, हे थांबून वाचण्यासारखे आहे.

बांधकामाच्या काळात वादळी रात्र सरली की स्मीटन पहाटे याच पठारावर दुर्बीण घेऊन येई. फेसाच्या पांढऱ्या लोटातून मनोरा दिसेपर्यंत तो तिथून हलत नसे. आज हवा स्वच्छ असेल तर संग्रहालयाच्या सज्जातून क्षितिजावर डग्लसचे दीपगृह दिसते. तेथील रखवालदार १९८२ मध्ये उतरले आणि दिवा स्वयंचलित झाला. दुर्बिणीतून त्याच्या बाजूला एक आखूड, काळपट खुंट दिसतो. मनोऱ्याचा वरचा भाग काढला तेव्हा खालचे भरीव थर एकमेकांत इतके अडकलेले होते, की ते तसेच सोडून द्यावे लागले. त्यांवर दिवा नाही, माणूस नाही, डागडुजी नाही. खालचा खडक पोखरलेलाच आहे आणि खुंट त्यावर उभा आहे.