तुळईचे टोक

मलिक अहमदाने 1490 मध्ये वसविलेल्या नगरात, ज्यास आता अहिल्यानगर म्हणतात, जुने माळवदी वाडे अद्यापि विक्रीस निघतात. गिऱ्हाईक बहुधा खांबावरील नक्षीस भुलते. आमच्या मते ती साक्ष सर्वांत दुबळी. ओल चढू नये म्हणून जुना सुतार खांब दगडी तळखड्यावर उभा करी. तो पुष्कळदा शाबूत असतो. खरा रोग भिंतीत गाडलेल्या तुळईच्या टोकाशी! माळवदाची माती वेळेवर चोपली नाही की पाणी तेथेच मुरते, आणि मागोमाग वाळवी येते. शनिवारवाड्याची 1828 ची आग इतिहासाने नोंदली. पाण्याने कुजलेल्या वाड्यांची बखर कोणी लिहिली नाही. टोकाशी दाभण टोचून पाहावे. सहज आत शिरले, तर आयुष्याची पुंजी ओतण्याआधी तुळई बदलण्याचा खर्च सुतारास विचारावा.