एल्सिनोरचा ल्यूटवाला

साल १६००, जूनचा पहिला दिवस. तुम्ही डेन्मार्कच्या एल्सिनोरमध्ये आहात. समोर क्रोनबोर्ग किल्ला. सामुद्रधुनीतून जाणारं जहाज इथे जकात भरतं आणि त्या पैशावर चौथ्या ख्रिश्चन राजाचा थाट चालतो.

खिडकीशी राजाच्या पदरचा इंग्रज ल्यूटवादक जॉन डाउलंड आपल्या दुसऱ्या गीतसंग्रहाची प्रस्तावना लिहितोय. तेवढ्यात त्याची ल्यूट हातात घ्या. केवढी हलकी! पाठ लाकडाच्या पातळ पट्ट्या जोडून फुगवलेली. धातूची तार नाही. मेंढीच्या आतड्याची तात, तीही बहुतेक जोडीजोडीनं. पडदेसुद्धा तातीचेच, मानेला बांधलेले, सतारीसारखे सरकवता येणारे. नखी नको. करंगळी तबलीवर टेकवा आणि बोटांनी छेडा. बेसूर वाजलं? समुद्राची दमट हवा आहे, पुन्हा जुळवा.

आता तो १५९७ चा पहिला संग्रह टेबलावर उघडतो. डावं पान त्याचं: गाण्याची ओळ आणि तिच्याखाली सहा रेघांवर अक्षरं. ‘ए’ म्हणजे मोकळी तार, ‘बी’ म्हणजे पहिला पडदा. उजव्या पानावर उरलेले तीन आवाज वेगवेगळ्या दिशांना तोंड करून छापलेले, म्हणजे एकाच पुस्तकाभोवती बसून सगळ्यांना गाता यावं. तुमच्या वाट्याला खालच्या पट्टीची ओळ येते. गा, लाजू नका.

गाणं संपलं की जुनं दुखणं निघेलच. १५९४ मध्ये एलिझाबेथ राणीच्या दरबारात ल्यूटवादकाची जागा मागितली, मिळाली नाही. तरुणपणी पॅरिसमध्ये कॅथलिक झालो ते नडलं, अशी त्याची समजूत. मला ती पटत नाही. संगीतकार विल्यम बर्ड कॅथलिक असून राणीच्याच पदरी होता. परक्या राजानं मात्र वर्षाला ५०० डालर दिले. दरबारात इतका पगार फार थोड्यांना होता.

पुढचं त्याला सांगू नका. १६०४ मध्ये त्याचं ‘लाक्रिमे’ छापलं जाईल आणि युरोपभर वाजेल. १६०६ मध्ये ही नोकरी जाईल. लंडनच्या दरबारातली जागा १६१२ मध्ये मिळेल, पन्नाशीच्या तोंडावर, आणि त्यानंतर १६२६ मध्ये मरेपर्यंत तो नवं असं फारच थोडं लिहील.