चिमणीचा धूर कुठे वळतो?

चिंचणीच्या समुद्रकिनाऱ्यावर उभे राहिले आणि हवा स्वच्छ असली, की उत्तरेला डहाणूच्या औष्णिक वीजकेंद्राची चिमणी दिसते. उंची सुमारे २७५ मीटर. एवढी उंच कशाला, हा प्रश्न मला नेहमी पडे. त्याचे उत्तर शोधत मी वाऱ्याच्या बोगद्यापर्यंत पोहोचलो.

१८७१ साली इंग्लंडमध्ये फ्रान्सिस वेनहॅम यांनी असा पहिला बोगदा बांधला, तो उडण्याच्या विद्येसाठी. पुढे त्यात चिमण्यांच्या लहान प्रतिकृतीही ठेवू लागले. आडव्या वाऱ्यात खालून धुराचा झोत सोडायचा आणि तो कसा वाकतो ते पाहायचे. वाकताना झोत दोन उलटसुलट भोवऱ्यांत विभागतो आणि त्याचा छेद काजूच्या बीसारखा दिसतो. अमेरिकेत शेरलॉक आणि स्टॉकर यांनी १९४१ च्या सुमारास दाखवले, की धुराचा वेग वाऱ्याच्या दीडपटीहून कमी पडला, तर चिमणीमागच्या कमी दाबाच्या पोकळीत धूर खाली ओढला जातो. चिमणीच्या तोंडाचा व्यास ठरवताना हा हिशेब आजही उपयोगी पडतो.

पण मित्रहो, बोगदा एवढेच सांगतो, की धूर कुठे जाईल. तो किती असेल, हे सांगत नाही. उंच चिमणी गंधकाचा धूर दूरवर पसरवते, नाहीसा करत नाही. दुपारी समुद्रावरचा वारा सुटला, की तो जमिनीकडेच येतो. तिकडे चिकूच्या वाड्या आहेत, वारली पाडे आहेत.

डहाणू तालुका १९९१ सालीच पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील जाहीर झाला होता. ५०० मेगावॉटचे हे केंद्र १९९५ च्या सुमारास सुरू झाले. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार न्या. चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण नेमले गेले. धुरातले गंधक काढणारी यंत्रणा बसवा, असा आदेश त्याने १९९९ मध्ये दिला. ती चालू व्हायला २००७ उजाडले. समुद्राच्याच पाण्याने धूर धुणारी ही यंत्रणा आहे.

मधली आठ वर्षे मला महत्त्वाची वाटतात. चिमणी बांधणे हे अभियंत्यांचे काम होते. त्यातून काय बाहेर पडू द्यायचे, हे ठरवायला मात्र माणसांना न्यायालयापर्यंत जावे लागले.